कुलूप ओढून पाहणारे नाना

नाना कुलूप लावत नाहीत, सिद्ध करतात. किल्ली फिरवली की आधी एका हातानं ओढायचं. मग पिशवी खाली ठेवून दोन्ही हातांनी ओढायचं. मग काकूंनी ओढायचं, कारण ज्यानं कुलूप लावलं त्यानंच ते तपासलं तर त्या तपासणीला काही अर्थ नाही, असा नानांचा सिद्धान्त आहे. एवढं झाल्यावर दोघं जिना उतरतात, रिक्षात बसतात, रिक्षा मानपाडा रोडला लागते, आणि नाना पुढे वाकून म्हणतात, "जरा थांब रे." काकू एक शब्द न बोलता पर्समधली किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवतात. लग्नाला जायचं असेल तर काकू मुहूर्त अर्धा तास अलीकडचा सांगतात. नानांना हे ठाऊक आहे. त्यामुळे ते एकदा जास्त परत येतात.

आमचे नाना दुसऱ्या मजल्यावर राहतात, पण नाना ही काही एका इमारतीपुरती गोष्ट नाही. ठाण्यात, चिंचवडला, नाशिकच्या कॉलेज रोडला, प्रत्येक सोसायटीत एक नाना असतातच. गच्चीच्या दाराची किल्ली त्यांच्याकडे असते. मीटरच्या खोलीचं कुलूप बदललेलं पहिल्यांदा त्यांना दिसतं. वार्षिक सर्वसाधारण सभेत जमाखर्च मंजूर होऊन मंडळी बटाटेवड्यांकडे वळली की हे उभे राहतात आणि जिन्यातल्या आग विझवायच्या नळकांड्याची मुदत मार्चमध्येच संपली असल्याचं सभेच्या निदर्शनास आणून देतात. लोक कपाळाला हात लावतात. आणि हेच लोक चार दिवस कोकणात जायचं झालं की घराच्या किल्ल्या नानांकडे ठेवून जातात, कपाटाच्या किल्लीसकट.

नाना बँकेत होते आणि तिथे ते जॉइंट कस्टोडियन होते. हे पद ज्यांना माहीत नाही त्यांना नाना आपण होऊन समजावून सांगतात. बँकेची स्ट्राँग रूम एका माणसाला उघडता येत नाही. दोन अधिकारी, दोन किल्ल्या. दोघं शेजारी उभे राहिल्याशिवाय दार हलत नाही, आणि दोन्ही किल्ल्या एकाच खिशात जाणं म्हणजे महापाप. किल्ल्यांचा दुसरा जोड भलतीकडेच, दुसऱ्या शाखेत ठेवलेला. नानांनी उभी नोकरी यातली एक किल्ली सांभाळून काढली. निवृत्तीच्या दिवशी ती सही करून परत दिली, तरी बोलता बोलता त्यांचा हात अजून खिशाकडे जातो.

असा माणूस आणि इंटरनेट लावलेला कॉम्प्युटर एका खोलीत आणणं मुळात धोक्याचं होतं. ते काम त्यांच्या चिरंजीवांनी केलं. बंगळुरूला जाताना, नातीला बघता यावं म्हणून, आईवडिलांना नवा कोरा कॉम्प्युटर घेऊन दिला. नात रविवारी दहा मिनिटं दिसते. उरलेला आठवडा नाना कॉम्प्युटरची राखण करतात.

म्हणजे ते तो वापरत नाहीत असं नाही. एप्रिल उजाडला की मुदतठेवींच्या व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेचा फॉर्म भरतात, पीपीएफच्या व्याजाचा हिशेब स्वतः मांडून बँकेशी पडताळून पाहतात आणि आठ आण्यांचा फरक निघाला तर त्या दिवशी जेवण उशिरा होतं. ओटीपी कुणालाही सांगू नका, ही सूचना त्यांनी इतकी मनावर घेतली आहे की ओटीपी आल्यावर काकू खोलीत असल्या तर आधी त्यांना चहा ठेवायला पाठवतात. पासवर्ड वहीत लिहिलेले आहेत, पण उलटे. ती वही कुठे ठेवली आहे त्याची चिठ्ठी दुसऱ्या वहीत आहे. ती दुसरी वही सध्या सापडत नाही.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांच्या जोडीनं नानांच्या लाल वर्तुळातल्या तारखा असतात. 6 मार्च, मायकेलअँजेलो. 1992 साली या व्हायरसच्या धास्तीनं जगभर गोंधळ उडाला होता, कारण तो त्या तारखेला जागा होऊन डिस्कवरची माहिती उडवायचा. तारीख त्या इटालियन शिल्पकाराच्या वाढदिवसाची म्हणून नाव त्याचं. 26 एप्रिल, चेर्नोबिल. हा तैवानमधल्या एका कॉलेजच्या पोरानं लिहिलेला. 1999 मध्ये त्या दिवशी तो उठला आणि हार्ड डिस्क पुसून त्याचं समाधान होईना, म्हणून मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपवरही काहीबाही खरडून ठेवू लागला, म्हणजे मशीन पुन्हा सुरूच होऊ नये. 12 मे, वॉनाक्राय, 2017. यातले पहिले दोन आता नानांच्या मशीनला केसभरही धक्का लावू शकत नाहीत. पण नाना त्या दिवशी कॉम्प्युटर सुरू करत नाहीत. काकू विचारतात, "एक जयंती आणि एक पुण्यतिथी. नैवेद्याला काय करू?"

या सगळ्या राखणीचा मानबिंदू म्हणजे स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, घड्याळाच्या बाजूला असलेली ती छोटी ढाल. विंडोजची स्वतःची सुरक्षा. ढालीवर हिरवी खूण असली की सगळं ठीक, पिवळी आली की लक्ष द्या, लाल फुली आली की संपलं. नानांचा दिवस या ढालीच्या रंगावर चालतो. तिच्या पोटात जी सेटिंगं आहेत त्यांत मुख्य म्हणजे रिअल-टाइम प्रोटेक्शन. तुम्ही कुठलीही फाइल उघडा, उतरवा, पेन ड्राइव्हवरून घ्या. ती आत येताक्षणी, उघडण्याआधी तपासायची, हे त्याचं काम. महिन्यातून एकदा सगळं घर झाडण्यापेक्षा दारातच चप्पल काढायला लावण्याची ही पद्धत नानांना फार पटली होती.

आणि तेच सेटिंग आपोआप बंद व्हायला लागलं.

मला फोन आला तेव्हा नाना कुजबुजत होते. "अरे, बंद झालीय."

"कोण?"

"ढाल. मी चालू केली होती. माझ्या हातानं. काकू साक्षीला होत्या."

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि सॉफ्टवेअरमधल्या माणसाला प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं, असा आमच्या इमारतीचा पक्का समज आहे. मी जे सगळेच सांगतात तेच सांगितलं, रिस्टार्ट करा. नानांना हा सल्ला अपमानास्पद वाटला. स्ट्राँग रूमचं दार नीट लागत नसेल तर शाखा बंद करून पुन्हा उघडा, असं कुणी सांगतं का?

मग संशयितांची यादी झाली. सगळ्यात आधी इंटरनेटची वायर ओढून गेलेला पोरगा, कारण त्यानं "काका, आता काही प्रॉब्लेम येणार नाही" असं म्हटलं होतं आणि असं म्हणणारा माणूस नानांना नेहमीच संशयास्पद वाटतो. मग परदेशातली टोळी. मग खुद्द काकू, कारण त्या कीबोर्डवरून फडकं फिरवतात आणि फडक्यानं कुठलं बटण दाबलं जाईल ते सांगता येत नाही. काकूंनी फडकं नानांच्या हातात दिलं आणि आठवडाभर हॉलमध्ये पाय ठेवला नाही. ढाल त्याही आठवड्यात बंद होत राहिली, फक्त धूळ वाढली. रात्री राउटरचा प्लग काढून तो कपाटात ठेवणं सुरू झालं. इंटरनेट नाही, काकू नाहीत, पोरगा नाही, तरी ढाल बंद. तेव्हा नानांनी खुर्ची कॉम्प्युटरसमोर ओढली आणि पाळत सुरू केली.

पाळतीची नोंदवही मी पाहिली आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी कण्याची, बँकेत पूर्वी असायची तसली. आडव्या रेघांवर उभे रकाने आखलेले: तारीख, चालू केल्याची वेळ, बंद आढळल्याची वेळ, हजर व्यक्ती, सही, प्रतिस्वाक्षरी. प्रतिस्वाक्षरी काकूंची. पहिल्या दोन पानांवर ती पूर्ण आहे, तिसऱ्या पानापासून नुसती रेघ आणि शेवटी शेवटी आमटीचा डाग. पण नानांच्या नोंदी मात्र एकटाकी. सायंकाळी 5.40 ला चालू, 6.40 ला बंद. रात्री 8.05 ला चालू, 9.05 ला बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी 7.15, 8.15.

मी म्हटलं, "नाना, हे नेमकं तासाभरानं होतंय."

"तेच म्हणतोय मी. पाळतीवर आहे कुणीतरी."

चोराला इतका वक्तशीरपणा नसतो. इतकं वक्तशीर एक तर सॉफ्टवेअर असतं, नाहीतर नाना. मी विचारलं, "ढाल चालू करायच्या आधी तुम्ही नक्की काय करता?"

"विशेष काही नाही. त्या दुसऱ्याला सुट्टी देतो."

"कुठल्या दुसऱ्याला?"

नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू स्ट्राँग रूमला एकच किल्ली असते असं मी म्हटलं असावं. मग त्यांनी घड्याळाशेजारचा तो छोटा बाण दाबला आणि आत दडलेली चित्रं एकेक करून दाखवली. एक होता मशीनबरोबरच आलेला अँटिव्हायरस; फुकटची मुदत संपून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे तो तपासत काही नव्हता, फक्त दर सकाळी पैसे मागत होता. दुसरा स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलानं टाकलेला, वर्षाचे पैसे भरलेला, चांगला धट्टाकट्टा. तिसरा नानांनी स्वतः नेमलेला. पंचांग बघायला गेले असताना स्क्रीनभर लाल पाटी आली होती की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसखोर आहेत, ताबडतोब इथे दाबा. जन्मभर कुणावर विश्वास न ठेवलेल्या माणसानं ती पाटी वाचून ताबडतोब तिथे दाबलं. संशयी माणसाला फसवायचं तर त्याच्या संशयाला दुजोरा द्यायचा, हे त्या पाटीवाल्याला बरोबर ठाऊक होतं.

"आणि चौथी विंडोजची ढाल," नाना म्हणाले. "चौघं आहेत. जॉइंट कस्टडी."

इथे थोडं विषयांतर करतो, कारण नाना हा मुद्दा अजूनही सोडायला तयार नाहीत. 2012 च्या विंडोज 8 पासून विंडोजमध्ये अँटिव्हायरस घरचाच असतो, बाहेरून आणावा लागत नाही. पण तुम्ही बाहेरचा आणलात आणि त्यानं आत येऊन विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरकडे आपली नोंद केली, की घरचा आपण होऊन बाजूला होतो आणि त्याचं रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद पडतं. हे बिघडणं नव्हे, ठरवून केलेलं आहे. कारण दारात उभं राहून फाइल अडवणारे दोघं एकाच वेळी असले तर फाइल उघडायला गेलं की एक धरतो, तेवढ्यात त्यानं धरलंय ते काय म्हणून दुसरा धरतो. एकानं पकडून वेगळं ठेवलेलं जंतूंचं गाठोडं दुसऱ्याला चोरीचा माल वाटतं. व्हायरस ओळखायला एकाकडे जे नमुने असतात ते बघून दुसरा बोंब मारतो. मशीन मात्र चढावरच्या मालगाडीच्या वेगानं चालतं.

नानांना तो वेग जाणवला होता. त्यावर त्यांनी उपाय काढला होता तो असा: दरवेळी धट्ट्याकट्ट्याच्या चित्रावर उजवं बटण दाबायचं, त्याला सुट्टी द्यायची, आणि मग विंडोजची ढाल चालू करायची, कारण काही झालं तरी ती मूळची, घरची. सुट्टी किती वेळाची, ते निवडायला चार पर्याय येतात. एक तास, चार तास, रिस्टार्ट होईपर्यंत, कायमची.

"तुम्ही काय निवडता?"

"एक तास," नाना म्हणाले. "कायमची सुट्टी द्यायची तर वरून मंजुरी लागते."

झालं. तासाभराची रजा संपवून धट्टाकट्टा घड्याळाच्या ठोक्याला कामावर हजर होत होता, सिक्युरिटी सेंटरात हजेरी लावत होता, आणि शिष्टाचार पाळून घरची ढाल उठून जात होती. सगळे आपापलं काम चोख करत होते. नाना ज्याची पाळत ठेवत होते तो त्यांनीच रजेवर पाठवलेला पहारेकरी होता.

हे कळल्यावर माणूस हसेल असं तुम्हाला वाटेल. नाना हसले नाहीत. ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "म्हणजे दोघांना मान्य असल्याशिवाय दार उघडणार नाही, असं नाहीच का यांच्यात?" मी म्हटलं, नाही. स्ट्राँग रूममध्ये दोघांना मिळून एक दार उघडायचं असतं. इथे प्रत्येकाला वाटतं की दार माझंच आहे. "मग यांना ट्रेनिंग कुणी दिलं?" नाना म्हणाले. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एकालाच ठेवायचं ठरलं. कुणाला, यावर चर्चा झाली. विंडोजच्या ढालीला आमच्या दोघांचाही आक्षेप नव्हता, पण पैसे भरलेला माणूस काढायचा हे नानांच्या जिवावर आलं. त्यांनी मला एक गोष्टही सांगितली, जी ऐकायला त्यांना एरवी कुणी मिळत नाही. पुण्याचे कैलास काटकर दहावीपर्यंत शिकलेले, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत शिरले. मशीनं व्हायरसनं बिघडून परत परत येतात हे बघून धाकट्या भावाला, संजयला, त्यावरचा प्रोग्राम लिहायला बसवलं, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली, 2016 मध्ये शेअर बाजारात पोहोचली. "आपला माणूस," नाना म्हणाले. त्यांच्या मशीनमधले तिघं वेगळे होते, पण त्यामुळे नानांच्या अभिमानात काही फरक पडला नाही. शेवटी वर्षाची मुदत संपायला पंधरवडाच उरला आहे असं दिसल्यावर धट्ट्याकट्ट्याचा प्रश्न सुटला. मुदत संपत आली असताना काढलं तर त्याला निवृत्ती म्हणतात.

तिघांना काढायला दुपार गेली. अँटिव्हायरस सहजासहजी जात नाहीत. नक्की काढायचं का, असं विचारतात. मग का काढताय, ते विचारतात. मग आम्हाला दया येत असेल तर इथे दाबा म्हणतात. वरवर काढले तरी काही तुकडे मागे राहतात, त्यासाठी प्रत्येक कंपनी आपल्याच मालाची मुळं उपटायचं वेगळं अवजार देते, ते चालवून पुन्हा रिस्टार्ट करावं लागतं. नानांनी प्रत्येकाची नोंदवहीत रीतसर नोंद केली: रुजू झाल्याची तारीख, मुक्त केल्याची तारीख, शेरा. पहिल्याच्या शेऱ्यात "कामापेक्षा मागण्या जास्त" असं आहे. तिसऱ्याच्या शेऱ्यात जे आहे ते नानांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

एवढं करून ढाल चालू करायला गेलो तर बटण करडं. दाबलं जाईना. वर पाटी: हे सेटिंग तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात आहे.

नाना खुर्चीवरून उठले. "अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण?"

"तुम्हीच."

"मी नाही केलं."

"नाना, घरगुती कॉम्प्युटरवर..."

"माझ्या घरात माझ्याशिवाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे?" त्यांनी आवाज चढवला. आतून कढईत उलथनं आपटल्याचा आवाज आला आणि काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्हाला कळलं नव्हतं ते त्या मशीनला कळलं."

ही पाटी मोठमोठ्या कचेऱ्यांसाठी असते. तिथे कर्मचाऱ्यानं सुरक्षा बंद करू नये किंवा भलती चालू करू नये म्हणून वरून नियम लावतात, आणि ते नियम विंडोजच्या रजिस्ट्रीत एका ठरावीक जागी लिहिलेले असतात. घरच्या मशीनवर ती पाटी दिसली तर एक तर कुणी जाणकारानं ते लिहिलेलं असतं, नाहीतर कुठल्यातरी भामट्या प्रोग्रामनं जाता जाता. इथे त्या लाल पाटीवाल्यानं जाता जाता ती ओळ लिहून ठेवली होती, म्हणजे घरचा पहारेकरी उठूच नये. असल्या उपद्व्यापाला आळा घालायला विंडोजमध्ये 2019 पासून टॅम्पर प्रोटेक्शन नावाचं सेटिंग आहे. ते चालू असलं की दुसऱ्या प्रोग्रामनं परस्पर ढाल बंद करायला पाहिली तरी तिकडे लक्षच दिलं जात नाही. नानांच्या मशीनवर तेही बंद होतं. ती ओळ काढली, टॅम्पर प्रोटेक्शन चालू केलं, पूर्ण स्कॅन लावला. हिरवी खूण आली. टॅम्पर प्रोटेक्शन म्हणजे काय ते नानांनी दोनदा विचारून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे कुलपाला कुलूप!"

तास झाला. ढाल हिरवीच. दोन तास झाले. मी निघालो. दारात नानांनी मला थांबवलं.

"हिरवी दिसतेय हे ठीक. पण ओढून कसं बघायचं?"

मला वाटतं सॉफ्टवेअरमधल्या लोकांना कधीच न पडणारा आणि पडायलाच हवा असा हा प्रश्न आहे. खूण हिरवी आहे, म्हणजे खूण हिरवी आहे. दार लागलंय की नाही हे त्यावरून कसं कळायचं? आणि गंमत म्हणजे याचं उत्तर आहे. अँटिव्हायरसवाल्यांनी आपसात ठरवून फार पूर्वी एक छोटी फाइल तयार केली, तिला आयकार टेस्ट फाइल म्हणतात. 68 अक्षरं. व्हायरस नाहीच तो, अगदी निरुपद्रवी. जुन्या डॉसवर चालवला तर एक वाक्य छापून गप्प बसणारा. पण सगळ्या अँटिव्हायरसांनी कबूल केलंय की ही अक्षरं दिसली की खरा व्हायरस आल्यासारखी बोंब ठोकायची. नोटपॅड उघडा, 68 अक्षरं टाइप करा, सेव्ह करा. पहारा जागा असेल तर ओरडेल. झोपला असेल तर गप्प राहील.

नाना दरवाजाला टेकून उभे राहिले. निवृत्तीनंतर मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.

मी 68 अक्षरं कागदावर लिहून दिली आणि घरी आलो. रात्री पावणेबाराला फोन. पुन्हा कुजबुज. "ओरडत नाहीये."

"नीट टाइप केलंत?"

"दोनदा पडताळलं. काकूंनी वाचलं, मी टाइप केलं. मग मी वाचलं, काकूंनी बघितलं."

"तिसरं अक्षर काय टाकलंत?"

"शून्य."

ते शून्य नाही, इंग्रजी मोठा ओ आहे. या फाइलची माहिती देताना हे मुद्दाम बजावून सांगतात, इतके लोक तिथे घसरतात. पण आकड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला गोल दिसला की तो शून्यच वाटणार. फोनवर कीबोर्डचा एक टक असा आवाज आला, मग सेव्हचा, मग स्पीकरमधून घंटी, आणि मग नाना, "गंभीर धोका आढळला! गंभीर!" हे ते आरती झाल्यासारखं म्हणाले. मागून काकूंचा आवाज आला, "झोपा आता."

झोपायच्या आधी तीनदा ओढून पाहणं त्या रात्रीपासून सुरू झालं. दरवेळी 68 अक्षरं टाइप करायला नको म्हणून नानांनी ती फाइल पेन ड्राइव्हवर ठेवायचं ठरवलं आणि ढालीनं ती तिथल्या तिथे खाल्ली. पुन्हा ठेवली, पुन्हा खाल्ली. पहारेकरी इतका चांगला असावा की त्याची परीक्षा घ्यायचं साधनच त्यानं शिल्लक ठेवू नये, याबद्दल रागवायचं की समाधान मानायचं हे नानांना ठरवता येईना. मुलाला ईमेलनं पाठवायला गेले तर ईमेलनंच अडवली. शेवटी त्यांनी ती अक्षरं पुठ्ठ्यावर सुवाच्य काढली, तिसऱ्या अक्षराखाली लाल शाईत "ओ, शून्य नव्हे" असं लिहिलं, आणि पुठ्ठ्याला प्लास्टिकचं वेष्टन करून घेतलं.

आता ते तो पुठ्ठा आणि नोंदवही घेऊन मजले चढतात. इमारतीत कॉम्प्युटर असलेली घरं त्यांनी यादीत घेतली आहेत. सेक्रेटरींची ढाल ओरडली, त्यांना नानांनी शाबासकी दिली. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांची ओरडली, पण पेशंटांसमोर ओरडली, आणि एका आजीबाईंनी स्क्रीनवरचं "गंभीर" स्वतःबद्दल आहे असं समजून लेकाला फोन लावला. ते प्रकरण मिटायला सेक्रेटरींना खाली यावं लागलं. नानांनी त्या नोंदीपुढे "यंत्रणा चोख, जागा चुकली" असा शेरा मारला आहे.

काल तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे गेले. निवृत्त शिक्षिका, एकट्या असतात. मलाही साक्षीदार म्हणून वर बोलावलं होतं. बाईंनी चष्मा लावून, अक्षर न अक्षर तपासत, शाळेतलं शुद्धलेखन घालावं तसं टाइप केलं. तिसरं अक्षर ओच. सेव्ह केलं. काही नाही. नानांनी पुठ्ठा स्क्रीनच्या शेजारी धरून पुन्हा पडताळलं. काही नाही. मग त्यांनी घड्याळाशेजारचा तो छोटा बाण दाबला, आतली चित्रं मोजली, आणि खुर्ची ओढून बसले.

"बाई, यांना कुणी नेमलं?"

"भाच्यानं टाकलंय काहीतरी. पण नाना, माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? मी त्याच्यावर नुसती पत्ते खेळते."

नानांनी नोंदवहीचं नवं पान उघडलं, तारीख घातली, आणि पेनाचं टोपण मागे लावत म्हणाले, "आमच्या शाखेतला कॅशिअरसुद्धा सुरुवातीला तेच सांगत होता."

बाईंनी चहाचं आधण ठेवलं. मला दिसत होतं, दुपार गेली.